आम्ही चौघी जर्मन

— तिथे हात नका लावू, पोपडा हातात येईल. आला ना? सांगत होते. ओल आहेच हो, ओल कुठे नाही या व्हेनिसमध्ये — खाली पाणी, बाजूला पाणी, नोव्हेंबरात वरूनही पाणी — आणि तुम्ही बोट लावून बघताय भिंत ओली आहे का ते! बसा. त्या खुर्चीवर नको, ती माझ्या नवऱ्याची, ऊगोची, ते गेल्यापासून तिच्यावर कोणी बसत नाही, पाय हलतो तिचा. इथे खिडकीपाशी बसा. कॉफी ठेवलीय. नको कसं? घ्यायचीच. तर दानिलो काय म्हणाला तुम्हाला? माझा मुलगा हो, दुसरा कोण. मला म्हणाला, 'आई, गुरुवारी एक गृहस्थ येतील ओल तपासायला, त्यांना घर नीट बघू दे, उगीच बडबड करत बसू नकोस.' बडबड म्हणे! आता ओल तपासणारा माणूस खिडक्यांची रुंदी कशाला मोजतो, आणि माझ्या निजायच्या खोलीत उभा राहून इथे न्हाणीघर बसेल का, असं तोंडातल्या तोंडात कशाला पुटपुटतो, ते मी विचारणार नाही. विचारलं का मी? मी अडाणी म्हातारी, मला काय कळतंय. मोजा तुम्ही, खुशाल मोजा.

मिलानचे ना? दोनच शब्द बोललात, पण कळलं. शिवाय बूट. असले बूट घालून इथे कोणी पुलांच्या पायऱ्या चढत नाही, तळवा गुळगुळीत, पडाल एक दिवस. जिना चढताना दम लागला ना तुम्हाला? मी ऐकलं, दुसऱ्या मजल्यावर थांबलात. मी थांबत नाही. हे दानिलोला सांगा. त्याचं एकच पालुपद — आई, पुलापलीकडे मेस्त्रेला चल, तिथे लिफ्ट आहे. लिफ्ट आहे, खालीच मोठं दुकान आहे, दारात बस येते. जणू काही मी जन्मभर लिफ्टसाठीच तडफडत होते! सूनबाई तर त्याहून पुढची, ती म्हणते, 'सासूबाई, तिथे सगळं सपाट आहे.' सपाट! हो बाई, तुझ्या स्वयंपाकासारखं. हे मी मनात म्हटलं. नाही, मोठ्याने म्हटलं. तेव्हापासून ती येत नाही, एका परीने बरंच झालं. पण घर अर्धं माझ्या नावावर आहे, ऊगोनं तेवढी अक्कल दाखवली. माझी सही झाल्याशिवाय या घराचा खिळासुद्धा कोणाला विकता येत नाही. हे तुम्हाला सांगितलंय ना त्यानं? बघा, मान हलवलीत. ओल तपासणाऱ्याला हे कशाला सांगावं लागतं, तेही मी विचारणार नाही.

आवाज ऐकलात? घरघर, घरघर. चाकं. बॅगांची चाकं, गल्लीच्या फरशीवरून. पहाटे, दुपारी, जेवताना, सदोदित. खालच्या मजल्यावर पाहुणे, मधल्या मजल्यावर पाहुणे, माझ्या डोक्यावर पाहुणे. दारांना त्या आकड्यांच्या डब्या लावल्यात, त्यात किल्ली असते, मालक कधी तोंड दाखवत नाही. आज डेन्मार्कचे असतात, परवा आणखी कुठले तरी, जिन्यात भेटले की हसतात, सगळे छान हसतात, त्यांचं काय जातंय. पूर्वी या जिन्यात मीठ मागायला कोणी ना कोणी उभं असायचं. आता मीठ संपलं तर पूल उतरून जा. आणि खिडकीखाली उभे राहतात, माझे वाळत घातलेले परकर दाखवून एकमेकांचे फोटो काढतात. मग मी झाडांना पाणी घालते. थोडं खाली सांडतं. — हसताय काय? हो, मीच ती. गावभर झालंय वाटतं.

नाही, पण तुम्ही म्हणाल म्हातारी एकटी, कोणी नाही हिला. तसं समजू नका. मला मैत्रिणी आहेत! परवा मंगळवारी तर आल्या होत्या, तिघी, खास माझ्यासाठी, अख्खा दिवस. ब्रूना, नोर्मा आणि लुइजीना. ब्रूना समोरच्या दारातली, तिचा-माझा जन्म एकाच कालव्यावरचा, तिच्या आईच्या अंगावरचं दूध मी प्यायलेय. नोर्मा दोन पूल टाकून पलीकडची. लुइजीना लग्न होऊन जर्मनीला गेली होती, नवऱ्याचं आइस्क्रीमचं दुकान तिथे, मग म्हातारपणी परत आली. तिघीही आता मेस्त्रेला. लिफ्टसाठी! एकेक करून गेल्या. जाताना प्रत्येकीनं डोळ्यांत पाणी आणलं आणि प्रत्येकीनं नवं कपाट घेतलं. मी निरोप द्यायलाही गेले नाही. कशाला जायचं? गुडघा दुखला की गाव सोडायचं, असली माणसं.

आणि आल्या कशा विचारा! नोर्माच्या हातात डोंगर चढायच्या त्या दोन काठ्या. लुइजीनाच्या पाठीवर पोरांसारखं दप्तर, पायात पांढरे बूट, त्या बुटांना दिवे लागायचेच तेवढे बाकी. आणि ब्रूना, या कालव्यात पडून पोहायला शिकलेली ब्रूना, हातात फोन धरून त्यातल्या नकाशावर बघत चालली होती! मी म्हटलं, 'बाई, रस्ता विसरलीस की शरम?' तर म्हणते, 'अगं, नातीनं शिकवलंय, बघू तर दे.' बघितलं. तिच्या त्या नकाशानं आम्हाला अशा गल्लीत नेलं की जिच्या शेवटी पायरी आणि पायरीखाली पाणी. तिथे एक जपानी जोडपंही येऊन थांबलं होतं, त्याच नकाशावरून. ब्रूनानं त्यांच्याकडे बघून मान डोलावली, त्यांनी ब्रूनाकडे बघून मान डोलावली, म्हणजे घ्या, शहाण्यांचा मेळावा. आणि चालणं! चौघी शेजारी-शेजारी, गल्ली अडवून. इथे माणूस उजवीकडून चालतो, एकामागे एक, पुलाच्या मध्यावर थांबत नाही, हे आईच्या पोटातून शिकून येतो. आणि या बायका पुलाच्या मध्यावर थांबून पाठीवरच्या दप्तरातून बिस्किटं काढतात. मागून पाववाला ओरडला, 'वाट सोडा हो, पाहुणेमंडळी!' पाहुणेमंडळी! मला! मी त्याच्याकडून रोज पाव घेते हो. मी मान फिरवली, त्यानं ओळखलं नसेल अशी आशा आहे.

पण काय सांगू — घ्या ना साखर, लाजता काय — खाल्लं किती आम्ही! दुकानातून दुकानात. एका ठिकाणी उभ्याने एक पेला वाइन आणि व्हिनेगरात मुरवलेली सार्डिन मासळी, पुढच्या ठिकाणी पुन्हा एक पेला आणि मांसाचे गोळे. नोर्मा म्हणाली, डॉक्टरनं तळलेलं बंद केलंय, आणि म्हणता म्हणता तीन गोळे गिळले. मी म्हटलं, 'डॉक्टरला मेस्त्रेलाच ठेवून आलीस वाटतं.' लुइजीनाला हसताना ठसका लागला, तिच्या पाठीत ब्रूनानं असा धपाटा घातला की दातांची कवळी पेल्यात! खरंच सांगते. दुकानदारानं ती चमच्यानं काढून दिली, इतक्या अदबीनं, लिंबाची फोड द्यावी तशी. आम्ही भिंतीला धरून हसत होतो. मग नोर्माच्या जुन्या दारापाशी गेलो. तिच्या मनात आलं, लहानपणी करायचो तसं घंटी वाजवून पळायचं. पळायचं कुठलं! घंटी वाजवली आणि आम्ही चौघी चौकातल्या विहिरीच्या कट्ट्यामागे जाऊन उभ्या राहिलो, नोर्माच्या काठ्या वरून दिसतायत तशाच. एक परदेशी मुलगी टॉवेल गुंडाळून दारात आली, तिनं काठ्यांकडे बघितलं, आणि तिनं आम्हाला हात केला. पुन्हा हसणं. माझ्या बरगड्या दुखल्या. असं हसून मला... जाऊ दे. किती दिवसांनी ते सांगायला तुम्ही काही डॉक्टर नाही. थिल्लरपणा नुसता. सत्तरी ओलांडलेल्या बायका!

आणि मग ब्रूनाला सुचलं गोंडोलाचं.

तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही, तुम्ही बाहेरचे. इकडे ऐका. आमच्यात गोंडोलात कोण बसतं? पैसेवाल्याघरची नवरी बसते, एकदा. त्यानंतर जन्मात कोणी बसत नाही. मोठा कालवा ओलांडायचा असला तर फेरीची होडी असते, त्यात आम्ही उभ्याने जातो, उभ्याने, हात खिशात, डुलत. जो खाली बसला तो परका, हे लहान मूलही सांगेल. आणि मखमली गादीवर पाठ टेकून, पाय लांब करून फिरणारी जन्माची व्हेनिसकर बाई जर कोणाला दिसली ना, तर दुसऱ्या दिवशी तिनं पाव आणायला जाऊच नये. मी ब्रूनाला म्हटलं, 'डोकं फिरलंय का तुझं?' ती म्हणाली, 'एल्डा, मरायच्या आधी एकदा बसू या की गं. साऱ्या जगानं बसून घेतलं, आपणच राहिलो.' मी म्हटलं, 'तुम्ही बसा, तुम्ही आता परक्याच. मला इथे राहायचंय.' तर लुइजीना टाळी वाजवून म्हणते, 'आपण जर्मन होऊ! मी बोलते, तुम्ही नुसतं 'या, या' करा, म्हणजे हो, हो. जर्मन म्हाताऱ्यांकडे कोण बघतंय!' झालं. सान मार्कोच्या मोठ्या चौकाजवळच्या फेरीवाल्याकडून चार गवती टोप्या घेतल्या, त्यांना निळ्या फिती. मी काळा चष्मा लावला, डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळचा. शपथ घेतली, काही झालं तरी आपल्या बोलीत एक अक्षर काढायचं नाही. मुद्दाम तिथल्या धक्क्यावर गेलो, तिथे आमच्या भागातलं कोणी नसतं. लुइजीना गेली पुढे, तोंडातून खडे पडावेत तसं जर्मन बोलली, आणि बसलो आम्ही. गादी मऊ आहे. एवढं मी कबूल करते. फारच मऊ आहे.

दोन वळणं गेल्यावर मागून त्या नावाड्यानं वळणावरची हाळी दिली, 'ओऽऽए!' तो आवाज मी ओळखते. देनिस! आमच्या दानिलोचा शाळेतला दोस्त. या टेबलाशी बसून माझ्या हातचा भात खाऊन वाढलेला. त्यानं धक्का कधी बदलला देव जाणे. पण तो मागे उभा, आमच्या पाठी त्याच्याकडे, टोप्या खाली ओढलेल्या. मी ब्रूनाला कोपर मारलं, तिलाही कळलं होतं. आम्ही माना खाली घालून बसलो आणि हसू दाबून दाबून गोंडोला हलायला लागली. मग झाली गर्दी. पुढे हॉटेलच्या चादरींची गाठोडी घेऊन एक मालाची होडी आडवी, सगळं अडलं. शेजारी दुसरी गोंडोला येऊन लागली, तिच्यावर आल्विझे म्हणून देनिसचा कोणी दोस्त. आणि हे दोघे आमच्या डोक्यांवरून गप्पा मारायला लागले, आमच्या बोलीत. त्यांचं नेहमीचंच असतं हो ते, बसलेल्यांना काय कळतंय, बसलेली म्हणजे ओझी.

आल्विझे म्हणाला, 'काय रे, आज कुठल्या?' देनिस म्हणाला, 'जर्मन. चार आज्या. चौघींत मिळून एक दात असेल.' नोर्मा हसू दाबताना गदगदा हलत होती. मग आल्विझेनं विचारलं, 'दानिलोचं त्या घराचं झालं का रे?' देनिस म्हणतो, 'झाल्यात जमा! मिलानचा एक जण पक्का झालाय. चार खोल्या काढणार, प्रत्येकीला न्हाणी. फक्त म्हातारीची सही राहिलीय.' 'ती देते होय सही! ती हलायची नाही तिथून.' 'अरे, दानिलो काय कच्च्या गुरूचा चेला आहे? तिच्या मैत्रिणींना हाताशी धरलंय त्यानं. आजच आल्यात त्या. दिवसभर फिरवतील, खाऊपिऊ घालतील, हसवतील, आणि संध्याकाळी हळूच विषय काढतील — आमच्या शेजारचा फ्लॅट रिकामा झालाय, तू पण ये. विरघळलीच समज म्हातारी.' आल्विझे म्हणाला, 'बिचारी.' देनिस म्हणाला, 'बिचारी कसली! दोनदा पाणी ओतलंय तिनं माझ्या डोक्यावर.'

काय बघताय? हो, असंच. शब्दन् शब्द. मी विसरत नाही.

आता सांगा, मी काय करायचं? उठून उभी राहू? 'देनिस, मेल्या, मी एल्डा' असं म्हणू? मखमली गादीवर बसलेली एल्डा, गवती टोपीतली एल्डा! म्हटलं असतं तर रात्रीच्या आत आमच्या सगळ्या कान्नारेज्यो भागाला कळलं असतं. मी जर्मन होते ना. चौघी जर्मन होतो. मी चष्म्याआडून बघितलं. नोर्माचं हलणं थांबलं होतं. लुइजीनाच्या हातात बिस्किट तसंच, तोंडापर्यंत गेलेलं. आणि ब्रूना, माझ्या शेजारी मांडीला मांडी लावून बसलेली ब्रूना, पाण्यात बघत होती. मानेपर्यंत लाल झालेली. एकीनंही म्हटलं नाही की खोटं आहे. कसं म्हणणार, जर्मन बायका! ती चादरींची होडी हलेपर्यंत आम्ही मूग गिळून बसलो. मग देनिसनं वल्हं मारलं, एका वाड्याकडे बोट केलं आणि त्याच्या त्या मोडक्या इंग्रजीत मला विचारलं, सुंदर आहे ना मॅडम? मी म्हटलं, 'या, या. श्योन.' श्योन म्हणजे सुंदर. चांगलं म्हटलं मी. लुइजीनाहून चांगलं.

उतरताना त्यानं हात दिला मला. कोपराला धरून उतरवलं, आभाराचं 'डांके' म्हणाला, तोंडाकडे बघून हसला. आणि ओळखलं नाही. आजारी पडला तेव्हा चार दिवस या घरात होता तो, आतल्या पलंगावर, मी त्याचं अंग पुसलंय. एक टोपी आणि एक चष्मा, बस, मी परकी. बरं झालं म्हणा. ओळखलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मग पुढे काय? काही नाही. धक्क्यावर उभ्या राहिलो. मी विचारलं, 'खरं आहे?' नोर्मा म्हणाली, 'तुझ्या भल्यासाठीच गं, हिवाळ्यात तू जिन्यात पडलीस तर —' मी म्हटलं, 'तुला नाही विचारलं.' लुइजीना रडायला लागली, ती जाहिरात बघूनही रडते. ब्रूना एकदम उसळली माझ्यावर, उलट माझ्यावर! टोपी काढून फेकली आणि म्हणाली, 'तुला काय वाटतं, दानिलोच्या घरासाठी आलो आम्ही? खड्ड्यात गेला दानिलो! आम्ही तिघी तिथे दुकानाबाहेरच्या बाकावर बसतो, रोज, येणाऱ्या-जाणाऱ्या बसकडे बघत. एकमेकींना सांगायचं सगळं सांगून संपलंय. तुझ्यासारखं टोचून बोलणारं कोणी नाही तिथे. तू काही येणार नाहीस, माहीत होतं. दानिलो म्हणाला मदत करा, आम्ही हो म्हटलं. कोणीही काहीही म्हटलं असतं तरी हो म्हटलं असतं.' सगळ्या धक्क्यासमोर, आमच्या बोलीत, घसा फोडून. गोंडोलावाले वळून बघायला लागले. देनिस बघायला लागला! मी म्हटलं, 'तुमची बस चुकेल.' एवढंच. आणि चालायला लागले. टोपी डोक्यावर तशीच होती, घरी आल्यावर कळलं.

नाही, तेव्हापासून बोलले नाही. काय बोलायचं? मला फसवतात! मला! तो दानिलो, त्याची अक्कल ती केवढी, सरळ येऊन सांगायला जीभ झडते त्याची, म्हणून बायकांना पुढे करतो. आणि या बायका, जन्माच्या मैत्रिणी म्हणवतात, मासळी खाऊ घालून, हसवून हसवून... म्हणजे ते हसणंसुद्धा ठरवून आणलेलं, दप्तरातल्या बिस्किटांसारखं. ती घंटी. ती विहीर. मी इकडे वेड्यासारखी बरगड्या धरून हसतेय आणि त्या मनात म्हणतायत, विरघळली का, विरघळली का? — नाही हो, त्या मुलीनं टॉवेलात हात केला ते ठरवलेलं कसं असेल, मला कळतंय तेवढं. कवळीही ठरवून पडत नाही. मला शिकवू नका.

विरघळले होते.

ऐकलंत ना? मग पुन्हा विचारू नका. त्या विहिरीपाशीच. हसून हसून खाली बसले मी, नोर्मानं काठी दिली उठायला, ब्रूनानं मागून काखेत हात घालून उचललं, आणि मला वाटलं, पुरे झालं आता. काय ठेवलंय त्या घरात, पोपडे? ऊगोची खुर्ची? खुर्ची होडीतून नेता येते. मी ठरवून टाकलं होतं. गोंडोलातून उतरलो की एक पेला घ्यायचा आणि ब्रूनाला सांगायचं, 'माझा पलंग कुठे लावायचा ते बघून ठेव.' वाक्यसुद्धा तयार होतं. तिचं तोंड कसं होईल ते बघायचं होतं मला, म्हणून आधी सांगितलं नाही. तो आल्विझे मध्ये नसता कडमडला ना, तर आज तुम्हाला दार उघडायला मी नसतेच, मी तिकडे बाकावर चौथी बसले असते आणि त्या तिघींना टोचून बोलत असते. कोणी मला विचारलं नाही हो. दानिलोनं नाही, ब्रूनानं नाही. मला फिरवलं, खाऊ घातलं, हसवलं, पण सरळ विचारलं नाही — एल्डा, येतेस का? एवढं विचारलं असतं तरी आले असते.

हे दानिलोला सांगायचं नाही. कळलं? शब्द द्या. — तुमच्या शब्दाचं काय करू, ओल तपासणारे तुम्ही!

गुंडाळा ती पट्टी. पुरे झालं मोजणं. मी डोळे ठेवून आहे, त्या निळ्या पिशवीत कागद आहे तो, आल्यापासून हात घालताय आणि काढताय. काढू नका. माझं पेन चालत नाही, हात चालत नाही, चष्मा नाही, काय लिहायचं ते लिहा. सही नाही. आज नाही, उद्या नाही, तुम्ही चार न्हाण्यांऐवजी आठ केल्यात तरी नाही. आता फसवून नेलेली म्हातारी म्हणून मी त्या बाकावर जाऊन बसणार नाही. आता गेले तर सगळे म्हणतील, विरघळली. देनिस म्हणेल. मी इथेच राहणार, या पोपड्यांत, आणि त्या तिघी तिथे बसकडे बघत बसणार, बसू देत. भोगा म्हणावं. सगळ्यांनी भोगा.

हो, उठा. रागावले नाही मी तुमच्यावर, तुम्ही तुमचं काम करताय. जा. जिना उतरताना कठड्याला धरा, त्या बुटांनी घसराल. — निघालात? इतक्यात? अहो, आमच्यात 'जा' म्हटलं की माणूस लगेच जात नाही. दारापर्यंत जातो, दारात काहीतरी आठवतं, मग तिथेच उभ्याने तासभर जातो. ब्रूना तर जिन्यात दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर यायची बोलायला, खालून तिचा नवरा हाका मारायचा. तुम्हाला काही आठवलं नाही? काहीच विचारायचं नाही? ती मागची खोली बघायची राहिली तुमची, तिथली ओल सगळ्यात वाईट आहे, खरंच, यायचं असेल तर दाखवते — घड्याळ काय बघताय. जा तर मग. जा म्हटलं ना! आणि खालचं दार ओढून घ्या, उघडं टाकलं की पाहुणे वर येतात.